वाचक विचारतात : फेरी पूर्ण झाली हे कळतं कशावरून?

गेल्या अंकात ग्रहांच्या परिभ्रमणकाळाचा (म्हणजे सूर्याभोवती एक फेरी मारायला लागणाऱ्या वेळेचा) तक्ता दिला होता, बुध ८८ दिवस, शुक्र २२५ दिवस, मंगळ ६८७ दिवस, गुरू जवळपास १२ वर्षं, शनी साडेएकोणतीस वर्षं वगैरे, आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतोय. बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो. फेरीला किती वेळ लागतो हे विचारायच्या आधी, फेरी पूर्ण झाली हे कशाकडे बघून ठरवलं ते विचारायचं. आणि मग दुसरं, अशा किती फेऱ्या मोजल्या. ही दोन उत्तरं मिळाली की तक्त्यातला कुठलाही आकडा आपोआप उलगडतो.

प्रश्न : सर, नेटवर चंद्राचा काळ २७.३ दिवस दिसतो. पण अमावस्या ते अमावस्या मोजली तर साडेएकोणतीस दिवस होतात. नक्की बरोबर काय?

दोन्ही बरोबर. २७.३२ दिवस हा ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेला काळ, म्हणजे चंद्र एखाद्या ताऱ्याजवळून निघाला आणि परत त्याच ताऱ्याजवळ आला. २९.५३ दिवस हा सूर्याच्या संदर्भात, म्हणजे अमावस्या ते अमावस्या. फरक पडतो कारण चंद्र पृथ्वीभोवती फिरत असताना पृथ्वी काही एका जागी थांबलेली नसते, त्या २७ दिवसांत ती सूर्याभोवती साधारण २७ अंश पुढे गेलेली असते, त्यामुळे आपल्याला सूर्य ताऱ्यांमध्ये तेवढाच सरकलेला दिसतो आणि चंद्राला त्याला गाठायला अजून दोन दिवस आणि वर काही तास लागतात.

हे वाचून सोडून देऊ नका, डोळ्यांनी बघता येतं. समजा पौर्णिमेचा चंद्र चित्रा ताऱ्याजवळ दिसला, तारीख लिहून ठेवा. सत्तावीस दिवसांनी परत बघा, चंद्र पुन्हा चित्राच्या आसपास आलेला असेल (चार-पाच अंश अलीकडे, कारण वरचा पाव-एक दिवस राहिलाय), पण तो पूर्ण गोल नसेल, पौर्णिमेला अजून अडीच दिवस बाकी असतील. ताऱ्याच्या हिशेबाने फेरी झाली, सूर्याच्या हिशेबाने व्हायचीय. एकदा हे स्वतः बघितलं ना की दोन काळांचा गोंधळ पुन्हा कधी होत नाही.

आणि एक, २९.५३ ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एखादा महिना २९.३ दिवसांच्या आसपास असतो तर एखादा २९.८ पर्यंत जातो, कारण चंद्राची कक्षा गोल नाही आणि त्याचा वेगही सारखा नाही.

प्रश्न : आपण स्वतःच फिरणाऱ्या पृथ्वीवर बसलोय. मग मंगळाची सूर्याभोवतीची फेरी ६८७ दिवसांची आहे हे इथून कसं काय कळलं? सूर्यावर जाऊन तर कुणी बघितलं नाही.

फार चांगला प्रश्न, आणि माझ्या मते खगोलशास्त्रातली सगळ्यात देखणी युक्ती याच्या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पृथ्वीवरून मंगळाची फेरी थेट मोजता येत नाही, पण एक गोष्ट छान मोजता येते ती म्हणजे प्रतियुती. सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत, पृथ्वी मधे. त्या रात्री मंगळ साधारण मध्यरात्री डोक्यावरच्या रेषेत येतो आणि खूप तेजस्वी दिसतो. अलीकडच्या प्रतियुतींच्या तारखा जागतिक वेळेनुसार अशा आहेत : २७ जुलै २०१८, १३ ऑक्टोबर २०२०, ८ डिसेंबर २०२२, १६ जानेवारी २०२५, आणि १९ फेब्रुवारी २०२७. मधले दिवस मोजा. ८०९, ७८६, ७७०, ७६४. चारही वेगळे! बेरीज ३१२९, चारने भागलं की ७८२ च्या थोडं वर. खूप जास्त वर्षांची सरासरी घेतली तर ती ७८० दिवसांवर स्थिरावते.

आता हे ७८० दिवस म्हणजे मंगळाची फेरी नाही, दोघांची परत गाठ पडायला लागलेला वेळ आहे. घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर आणा. बाराला दोन्ही काटे एकावर एक असतात. साठ मिनिटांनी मिनिटकाटा परत बारावर येतो, पण तोवर तासकाटा एकवर गेलेला असतो, म्हणून गाठ पडते एक वाजून साडेपाच मिनिटांच्या जरा आधी. म्हणजे दोन गाठींमध्ये मिनिटकाटा तासकाट्यापेक्षा बरोबर एक फेरी जास्त मारतो. पृथ्वी आणि मंगळाचं तेच. ७८० दिवसांत पृथ्वीच्या फेऱ्या झाल्या ७८० भागिले ३६५.२५, म्हणजे २.१३५५. मंगळाची त्यापेक्षा एक कमी, म्हणजे १.१३५५. आणि ७८० भागिले १.१३५५ किती? ६८७. झालं. सूर्यावर जायची गरज नाही, कुठलं भारी उपकरण नको, तारखांची वही आणि एक भागाकार. वरच्या चार अंतरांच्या सरासरीवरून केलं तर ६८५ येतात, म्हणजे नऊ वर्षांच्या आतल्या तारखांवरूनसुद्धा आपण दोन दिवसांच्या फरकात पोचतो.

चार अंतरं वेगवेगळी का आली? मंगळाची कक्षा बऱ्यापैकी लंबवर्तुळाकार आहे. सूर्याजवळ असताना तो सेकंदाला साधारण २६.५ किलोमीटरने पळतो आणि लांब असताना २२ किलोमीटरने. पळत असेल तेव्हा पृथ्वीला त्याला गाठायला जास्त दिवस लागतात, म्हणून २०१८ ते २०२० मध्ये ८०९ आणि नंतर उतरत उतरत ७६४. हा जो वेडावाकडेपणा आहे ना, तो म्हणजे मोजमापातली चूक नाही, कक्षेचा आकारच तो आपल्याला सांगतोय.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने नेमकं हेच वाचलं. त्याच्याकडे टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाची कित्येक वर्षांची निरीक्षणं होती, सगळी दुर्बिणीशिवाय नुसत्या डोळ्यांनी घेतलेली. केप्लरने त्यातून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदींच्या जोड्या काढल्या. ६८७ दिवसांनी मंगळ परत त्याच ठिकाणी असणार, पण पृथ्वी नसणार, कारण तिच्या अजून दोन फेऱ्या पूर्ण झालेल्या नाहीत. म्हणजे मंगळ झाला एक स्थिर खूण आणि त्या खुणेकडे पृथ्वीच्या कक्षेतल्या दोन वेगळ्या जागांवरून बघितल्यासारखं झालं. अशा जोड्या जमवत त्याने आधी पृथ्वीची स्वतःची कक्षा आखली, मग मंगळाची, आणि १६०९ मध्ये जाहीर केलं की ग्रह लंबवर्तुळात फिरतात. फेरीचा काळ आधी कळला म्हणून आकार कळला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रश्न : जड सॅटेलाइट हळू फिरतो का?

नाही. एकाच उंचीवर एक किलोचा डबा आणि ४०० टनांचं स्पेस स्टेशन, दोघांना सारखाच वेळ लागतो. सुमारे ४०० किलोमीटरवर साधारण ९२-९३ मिनिटं, ३५,७८६ किलोमीटरवर २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. (हो, टीव्हीचे सॅटेलाइट २४ तासांचे नसतात, कारण पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणंसुद्धा ताऱ्यांच्या संदर्भात एवढ्याच वेळात पूर्ण होतं, बाकीची चार मिनिटं सूर्याला गाठण्यात जातात, वरचा चंद्राचाच हिशेब.)

मधे जो बसलाय त्याचं वस्तुमान मात्र महत्त्वाचं. म्हणूनच काळ आणि अंतर कळलं की मधल्याचं वजन निघतं. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एस-२ नावाचा तारा साधारण १६ वर्षांत फेरी मारतो, त्यावरून आत सुमारे ४० लाख सूर्यांएवढं वस्तुमान दडलेलं आहे हे काढलं गेलं. दोघंही वजनदार असतील, जोडतारे असतील किंवा प्लूटो आणि त्याचा चंद्र शेरॉन, तर दोघांच्या वस्तुमानांची बेरीज धरावी लागते.

प्रश्न : प्लूटो १९३० मध्ये सापडला आणि त्याची फेरी २४८ वर्षांची म्हणता. एक फेरी बघायच्या आधीच आकडा कसा काय छापता?

शंका अगदी रास्त आहे, १९३० पासून प्लूटोने एक तृतीयांशाहून थोडीच जास्त वाट कापलीय आणि फेरी पुरी होईल २१७८ च्या आसपास. पण फेरी पूर्ण बघावी लागत नाही, कक्षेचा एक तुकडा नीट बघितला तरी चालतं. ग्रह ताऱ्यांमध्ये रोज किती सरकतो हे मोजलं, आणि पृथ्वी स्वतः फिरत असल्यामुळे तो वर्षभरात जो मागे-पुढे झाल्यासारखा दिसतो त्यावरून अंतर काढलं, की कक्षा मांडता येते. मग केप्लरचा तिसरा नियम. हा त्याला १६१८ मध्ये सापडला आणि पुढच्या वर्षी छापला गेला : काळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचं अंतर १ धरलं तर प्लूटोचं सरासरी अंतर ३९.५. त्याचा घन करा, वर्गमूळ काढा, २४८ येतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे, करून बघाच.

आणि हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. १ जानेवारी १८०१ ला इटलीतल्या पियाझ्झीला सेरेस (मंगळ आणि गुरू यांच्या मधला छोटा ग्रह) सापडला, त्याने जेमतेम सहा आठवडे तो बघितला आणि मग तो सूर्याच्या झोतात गेला. तेव्हा जर्मन गणिती गाउस अवघा चोवीस वर्षांचा होता, त्याने तेवढ्याशा तुकड्यावरून कक्षा काढली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सेरेस त्याने सांगितलेल्या जागेच्या जवळच परत सापडला. सेरेसची फेरी ४.६ वर्षांची आहे, म्हणजे किती छोटा तुकडा होता बघा.

जुन्या नोंदींचीही खूप मदत होते. नेपच्यून सापडला २३ सप्टेंबर १८४६ ला, पण नंतर लक्षात आलं की १७९५ च्या मे महिन्यात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने तो तारा समजून नोंदवून ठेवला होता. एका फटक्यात जवळपास पन्नास वर्षांचा तुकडा हाती आला. प्लूटोसुद्धा १९१५ च्या फोटोंमध्ये होता, कुणाच्या लक्षात आला नव्हता एवढंच. नेपच्यूनने सापडल्यापासूनची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी केली आणि १६४.८ वर्षांचा हिशेब तंतोतंत जमला.

प्रश्न : चंद्राचा काळ २७.३२१६६ दिवस असा लिहितात. इतके दशांश कुठल्या घड्याळाने मोजले? जुन्या काळी तर घड्याळंही धड नव्हती.

घड्याळाने नाही, चिकाटीने. समजा चंद्र ताऱ्याजवळ आल्याची वेळ ठरवताना तुमची अर्ध्या तासाची चूक होते. एकच फेरी मोजली तर उत्तरातही अर्ध्या तासाची चूक. पण हजार फेऱ्यांनंतरची वेळ घेतली (म्हणजे ७५ वर्षांनी, तुमच्या नातवंडांनी) तर चूक तेवढीच अर्ध्या तासाची, पण ती हजारांत वाटली गेली, म्हणजे एका फेरीमागे दोन सेकंदांहूनही कमी. घड्याळ तेच, माणूस तसाच, फक्त फेऱ्या जास्त. ग्रहणांच्या जुन्या नोंदी इतक्या मोलाच्या आहेत त्या म्हणूनच, ग्रहणाचा क्षण अचूक सांगता येतो आणि दोन ग्रहणांमध्ये शेकडो वर्षांचं अंतर मिळू शकतं.

आर्यभटाचे आकडे बघा. इसवी सन ४९९ च्या सुमाराचे. तो काळ दशांशात सांगतच नाही, तो सांगतो ४३,२०,००० वर्षांत चंद्राच्या फेऱ्या ५,७७,५३,३३६, आणि त्याच हिशेबात दिवस होतात १,५७,७९,१७,५००. भागाकार करा, २७.३२१६७ येतात. आजच्या आकड्याशी फरक एका फेरीमागे एका सेकंदाहून कमी! एवढी लाखो वर्षं अर्थातच कुणी मोजत बसलं नव्हतं, ती पूर्णांकांत मांडलेली गुणोत्तरं आहेत, पण त्यांच्या मागे पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी असल्याशिवाय इतका बारीक आकडा येऊच शकत नाही. मला हे दरवेळी नव्याने भारावून टाकतं.

प्रश्न : हे काळ कायम तेवढेच राहतात का? हॅलेचा धूमकेतू कुठे ७५ वर्षं, कुठे ७६ वर्षं लिहिलेला असतो.

नाही राहत, आणि हॅले त्याचं उत्तम उदाहरण. १६८२ नंतर तो सूर्याजवळ आला १७५९, १८३५, १९१० आणि १९८६ मध्ये, अंतरं साधारण ७६.५, ७६.७, ७४.४, ७५.८ वर्षं. पुढचा २०६१ च्या जुलैत. वाटेत गुरू आणि शनी त्याला ओढतात म्हणून हे होतं. १७५९ च्या फेरीआधी फ्रेंच गणिती क्लेरोने, लालांद आणि निकोल-रेन लपोत यांना सोबत घेऊन, महिनोन्महिने हाताने आकडेमोड केली आणि सांगितलं की गुरू-शनीमुळे धूमकेतू ६१८ दिवस उशिरा येणार, एप्रिलच्या मध्यावर, महिनाभर इकडेतिकडे. तो आला १३ मार्चला. कॅल्क्युलेटर नसताना ७६ वर्षांत एका महिन्याची चूक!

माणसाने स्वतः बदललेला काळही आता आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, टकरीनंतर ११ तास २३ मिनिटं झाली. टेलिस्कोपमधून दोघं मिळून एकच ठिपका दिसतो, मग मोजलं कसं? एक दुसऱ्याच्या पुढे किंवा मागे गेला की ठिपक्याचा उजेड जरासा कमी होतो, त्या कमी होण्याच्या वेळा टिपत राहिले. बस.

आणि सगळ्यात बारीक बदल : हल्स आणि टेलर यांना १९७४ मध्ये सापडलेला जोड-पल्सार (पल्सार म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणारा मृत तारा, आणि इथे त्याचा एक जोडीदार आहे). पावणेआठ तासांची फेरी, ती दरवर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी (सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या ७६ भागांनी) लहान होतेय. इतकं बारीक कसं पकडलं? पुन्हा तेच, फेऱ्यांची संख्या. प्रत्येक फेरीत किंचित लवकर, असं साचत साचत तीस वर्षांत दोघांच्या जवळ येण्याची वेळ ४० सेकंदांच्या आसपास अलीकडे आली, आणि ते सहज मोजता येतं. ही ऊर्जा गुरुत्वीय लहरींनी बाहेर नेली, हे आइन्स्टाइनच्या गणिताशी जुळलं. १९९३ चं नोबेल याला मिळालं.

प्रश्न : घरच्या छोट्या दुर्बिणीने कुठला काळ स्वतः मोजता येईल? मुलीला दाखवायचंय.

गुरूचे चंद्र. दुसरं काही शोधूच नका. १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट बसवली तरी दिसतात. रोज वहीत एक आडवी रेघ, मधे गुरू, आणि चंद्र कुठल्या बाजूला किती लांब ते गुरूच्या रुंदीच्या पटीत. कॅलिस्टो जास्तीत जास्त १३ रुंद्यांपर्यंत जातो, गॅनिमीड साडेसात, युरोपा पावणेपाच, आयो तीन. सुरुवात बाहेरच्या दोघांपासून करा, कॅलिस्टो १६.७ दिवस आणि गॅनिमीड ७.१५ दिवस, हे सावकाश फिरतात म्हणून रोज एक नोंद पुरते. एक ढगाळ रात्र गेली तरी बिघडत नाही.

आयोला मात्र फसाल, आणि ही फसगत मुलीला मुद्दाम दाखवा. त्याचा खरा काळ १.७७ दिवस. तुम्ही रोज बरोबर नऊ वाजताच बघितलंत तर त्याच नोंदी २.३ दिवसांच्या उलट दिशेने जाणाऱ्या चंद्रालाही तितक्याच चपखल बसतात, ग्राफ काढून दोघांत फरक करताच येत नाही. उपाय सोपा आहे, काही रात्री दोनदा बघायचं, नऊला आणि बाराला, म्हणजे तो कुठल्या दिशेला सरकतोय हे कळतं आणि खोटा काळ गळून पडतो. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्यांनाही हीच कटकट असते. ताऱ्याचा उजेड दोनदा कमी झालेला दिसला, मधे आठ दिवस गेले, पण मधल्या काळात टेलिस्कोप दुसरीकडे बघत होता, मग खरा काळ आठ की चार? म्हणून निदान तीनदा दिसल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नाही.

चारही काळ हाताशी आले की केप्लरचा नियम तपासायला लावा. कॅलिस्टोचा काळ आयोच्या ९.४३ पट, त्याचा वर्ग ८९. अंतर ४.४६ पट, त्याचा घन साधारण ८९. स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवरून हे इतकं नेमकं येणार नाही, ८० येईल किंवा ९५ येईल, तरी चालेल, वही टाकू नका, पुढच्या वर्षी गुरू परत दिसायला लागला की त्याच वहीत पुढच्या नोंदी जोडा म्हणजे आयो आणि युरोपाच्या शंभर-दोनशे फेऱ्यांचं अंतर मिळेल. फक्त प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वेळ मिनिटासकट लिहायला सांगा, 'रात्री जेवण झाल्यावर' असं लिहिलेल्या नोंदीचा वर्षभरानंतर काही उपयोग होत नाही.